वाचनवही बंद करा

शाईचा डाग
काल 'चौथा तास' यांनी मोठ्या कौतुकाने लिहिलं: "माझ्या वर्गात प्रत्येकाने वर्षाला २५ पुस्तकं वाचायची, प्रत्येकाचा सारांश वाचनवहीत लिहायचा, दर सारांशाला पाच गुण. मुलं झपाटून वाचू लागलीत!" तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण राहवेना, म्हणून वेगळा धागा.

बाई, मुलं झपाटून गुण गोळा करताहेत. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३चा प्रयोग इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या पोरांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर पुढे मोकळ्या वेळात तीच पोरं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही.

माझी मुलगी जिन्यात बसून जाडजूड पुस्तकं वाचायची. हाक मारली तरी ओ द्यायची नाही. वही आल्यापासून पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटच्या पानाचा आकडा बघते. ६४च्या वर गेला की परत ठेवते. याला तुम्ही आवड म्हणा, मी नाही म्हणणार.

चौथा तास
माझंच नाव घेतलंय तर उत्तर देते. तुमच्याच प्रयोगात मुलांना चित्रांची आवड *आधीपासून* होती. माझ्या वर्गात ५५ मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नाही. जी आवड नाहीच, ती मी कशी मारणार? मागच्या बाकावरच्या एका मुलाने गुणांसाठी म्हणून सापांवरचं पुस्तक नेलं. तेच पुस्तक तो चार वेळा घेऊन गेला. गुण एकदाच मिळतात, बरं का.

जिना आणि जाडजूड पुस्तकं सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत.

वाळवी
दोघांचंही चालू द्या, पण पुस्तकं आहेत कुठे? कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते रजेवर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले, त्यातला पहिलाच: पुस्तकं वापरण्यासाठी असतात. मी शिकलो त्या शाळेत पुस्तकं मोजण्यासाठी होती. फाटलं तर भरून कोण देणार, म्हणून कोणी द्यायचंच नाही. काचेतून नावं वाचून पाठ झाली होती, तेवढंच आमचं अवांतर वाचन.

कानसेन
माझा मुलगा गोष्टी ऐकतो. मोठ्या मोठ्या, दहा-बारा तासांच्या. वहीत लिहून नेलं तर शेरा आला, "हे वाचन नाही." का नाही?

ऱ्हस्वदीर्घ
कारण ते ऐकणं आहे. साधी गोष्ट. ऐकून शब्द कसा लिहायचा ते कळत नाही. आजकालच्या मुलांचं शुद्धलेखन बघवत नाही, ते उगाच का?

कानसेन
धागा आनंदाचा आहे की वेलांट्यांचा? गफ आणि टन्मर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६मध्येच मांडलंय: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषेची समज. ऐकण्याने दुसरा भाग वाढतो.

ऱ्हस्वदीर्घ
गुणिलेच ना? मग पहिला भाग शून्य असेल तर उत्तर किती येतं, तेही सांगा.

कानसेन
माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. त्याला शून्य म्हटल्याबद्दल आभारी आहे.

वाळवी
अरेरे.

ऱ्हस्वदीर्घ
मी मुलाला म्हटलं नव्हतं, गणिताला म्हटलं होतं. मला ठाऊक नव्हतं. ते वाक्य मागे घेतो. वेलांट्यांचं मात्र घेत नाही.

कानसेन
ठेवा जपून. तो सात वर्षं अक्षरांशी झगडतोय, उलगडायचं तो शिकतोच आहे. पण गोष्ट आवडते म्हणून झगडतो. ती आवड कानातून आली, एवढंच म्हणणं होतं.

शाईचा डाग
धागा वाचनवहीचा होता हो. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पहिला, न वाचण्याचा. पुढे पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा. तुमच्या वहीत यातला एक तरी बसतो का?

चौथा तास
पेनाक स्वतः शिक्षक होते, हे सोयीस्कर विसरलात. आणि वर्गाला मोठ्याने वाचून दाखवा, हा त्यांचा आग्रह. म्हणजे मुलांनी काय करायचं? ऐकायचं. कानसेन, तो शेरा माझा नव्हता, पण मीही तोच दिला असता. यापुढे देणार नाही.

सारांशाचं म्हणाल तर, ५५ सारांश तपासून माझाही आनंद कधीच संपलाय. ते बंद करते. गुणही काढते, पुढच्या सत्रापासून. वही राहील. फक्त पुस्तकाचं नाव आणि 'संपवलं' किंवा 'सोडलं'. झालं समाधान? आता सत्कार करून घ्या.

वाळवी
आणि किल्ली?

शाईचा डाग
सत्कार नको. मुलीला हे सगळं वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: "कितव्या पानावर सोडलं ते लिहावं लागेल का?"