प्रतिसाद: सरासरीवर एंट्री उशिरा मिळते

वरच्या पोस्टमध्ये सुचवलंय की शेअरच्या भावाची ५० दिवसांची सरासरी २०० दिवसांच्या सरासरीला छेदून वर गेली की खरेदी करावी. कल ओळखायला हे ठीक, पण एंट्रीसाठी, म्हणजे खरेदीच्या वेळेसाठी, फार उशीर होतो. सरासरी मागच्या भावांवरूनच काढतात ना! २४ मार्च २०२० ला निफ्टी निर्देशांकाने ७,५११ चा तळ गाठला. २०० दिवसांच्या सरासरीवर तो जुलैत आला, तेव्हा दहा हजार कधीच ओलांडले होते. मी कल साप्ताहिक चार्टवर बघते: शिखरं आणि तळ दोन्ही चढते हवेत. मग दैनिक चार्टवर भाव जुन्या ब्रेकआऊटपाशी (जी पातळी ओलांडून तो वर गेला होता तिथे) परत येण्याची वाट बघायची. या घसरणीत व्हॉल्यूम (व्यवहार झालेल्या शेअर्सची संख्या) आटलेला असेल तर उत्तमच. स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून ज्या भावाला विकून बाहेर पडायचं तो) अलीकडच्या तळाखाली, आणि तो खरेदीआधीच ठरवा.