मदत हवी आहे: फ्लेक्सच्या ऑफिसात नॅस बसवलाय, स्पीड नाही, विंडोज ११ आत घेत नाही आणि एक्सपीवाल्याला तर दिसतच नाही

फ्लेक्सवाला:
नमस्कार मंडळी, सांगलीत आमचं फ्लेक्स आणि डिझाइनचं छोटं ऑफिस आहे, मी तिथं डिझाइनर, पण "याला कॉम्प्युटरमधलं कळतं" म्हणून शाईपासून नेटवर्कपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. आजवर फायली पेनड्राइव्हवर फिरायच्या, एकाच बॅनरच्या प्रती प्रत्येक पीसीवर वेगळ्या, आणि छपाईला नेमकी जुनी जायची, साहेबांचं नाव दुरुस्त केलेली फाईल डेस्कटॉपवर तशीच पडून. शेवटी मालक वैतागले आणि दोन डिस्कचा नॅस (नेटवर्कला जोडलेला, सगळ्यांच्या फायलींचा डबा) घेतला, ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ करून दिलाय दुकानदारानं. शेअर फोल्डर पण त्यानंच केला, पासवर्ड नाही, गेस्ट (बिनपासवर्डचा पाहुणा) चालू, "कुणालाही उघडेल" म्हणाला.

आता काय होतंय ते सांगतो. डिझाइनचे दोन पीसी विंडोज १० वर आहेत, त्यांना उघडतो पण १ जीबीच्या वरची टिफ (छपाईची मोठी इमेज फाईल) टाकली की सेकंदाला ११ एमबीवर अडकतो, कधी ११.२ कधी ११.५, त्याच्या वर ढिम्म जात नाही. वायफाय नाही हां, केबलच आहे. नवीन पीसी विंडोज ११ प्रो, तो म्हणतो तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळं गेस्ट अॅक्सेस बंद आहे. आता संस्था कुठली, आम्ही पाच माणसं आहोत. आणि फ्लेक्स मशीनचा पीसी एक्सपी आहे, हसू नका, मशीनचं कार्ड आणि ड्रायव्हर त्याच्यावरच चालतंय, मशीनवाल्यानं स्पष्ट सांगितलंय की त्याला हात लावायचा नाही. त्याच्यात नॅस दिसतच नाही, आयपी (नेटवर्कवरचा नंबरी पत्ता) टाकला तरी नाही, पिंग मात्र होतोय, म्हणजे नॅसकडून उत्तर येतंय.

वर लाईट गेली आली की सगळ्यांचे शॉर्टकट मरतात, आयपीच बदललेला असतो. आणि मालक विचारतायत की ८ टीबीचे पैसे दिले तर ३.६ च का दिसतंय, बाकीचं दुकानदारानं ठेवून घेतलं का. कुणीतरी सांगा राव, सीझन तोंडावर आलाय.

टोचन:
मालकांना सांगा दुकानदार निर्दोष आहे. रेड १ म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच, म्हणून ८ चे ४ झाले. आणि डिस्क बनवणारे १००० नं मोजतात, कॉम्प्युटर १०२४ नं, म्हणून ४ चे साधारण ३.६३. एक प्रश्न संपला, पुढचा.

केबलकाका:
११ एमबी हा आकडाच सगळं सांगतोय. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) लाईन असली की फाईल कॉपी ११-१२ एमबीलाच थांबते, नॅस कितीही भारी असो. गिगाबिट लागली तर ११० च्या आसपास मिळायला पाहिजे. म्हणजे नॅस ठीक आहे, मधे कुठंतरी लाईन १०० वर पडतेय. विंडोजमधे इथरनेटच्या सेटिंगमधे लिंक स्पीड लिहिलेला असतो, प्रत्येक पीसीवर बघा १०० आहे का १०००, नॅसच्या नेटवर्क पानावर पण दिसेल. नॅसवरच १०० असेल तर सगळ्यांनाच हळू मिळणार.

आता कारणं. पहिलं, सगळं इंटरनेटवाल्याच्या राउटरलाच जोडलंय का? स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे लॅन पोर्ट १०० चेच असतात, काहींना एकच गिगाबिट. बॉक्सवर ३०० चा प्लॅन लिहिलाय म्हणून पोर्ट तसले असतील असं नाही. साधा गिगाबिट स्विच घ्या, सगळे पीसी आणि नॅस त्यात, स्विचमधून एक वायर राउटरला. मग तुमच्या फायली राउटरच्या पोर्टातून जाणारच नाहीत, स्विचमधल्या स्विचमधे फिरतील.

दुसरं, केबल. १०० ला दोन जोड्या पुरतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ नंबरच्या तारा. गिगाबिटला आठही लागतात. एक तार जरी क्रिंपिंगमधे बसली नसली तरी लाईन गपचूप १०० वर येते, तक्रार करत नाही, चालू आहे असंच दिसतं. म्हणून कुणाला कळत नाही. आठ दिव्यांचा टेस्टर मिळतो, दोन्ही टोकांना लावा, आठही दिवे ओळीनं लागले पाहिजेत. आणि सीसीए केबल असेल, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, तर ती बदलूनच टाका, वाकवली की तुटते आतून.

फ्लेक्सवाला:
काका बरोबर निघालं!! नॅसवर १०० च दाखवतोय आणि तीन पीसीवर पण १००. केबल उघडून बघितली तर नॅसकडं जाणाऱ्या केबलमधल्या चारच तारा जोडल्यात, उरलेल्या चार कॅमेरावाल्यानं वरच्या कॅमेऱ्याला वापरल्यात. एका केबलमधे दोन कामं. आता नवीन केबल ओढावी लागणार ना?

केबलकाका:
हो, दुसरा उपाय नाही. कॅमेरावाले हे सर्रास करतात, १०० च्या काळात चालून जायचं. कॅट ६ शुद्ध तांब्याची ओढा, मोजून थोडी जास्त ठेवा, ट्यूबलाइटच्या वायरला बांधून नेऊ नका.

रात्रपाळी:
विंडोज ११ चं सांगतो. २४एच२ अपडेटपासून प्रो मधे गेस्टनं शेअर उघडणं मुळातच बंद केलंय, शिवाय एसएमबी (विंडोजची नेटवर्कवर फायली शेअर करायची पद्धत) साइनिंग, म्हणजे प्रत्येक निरोपावर सही, सक्तीचं झालंय आणि गेस्टला साइनिंग करता येत नाही, कारण पासवर्डच नाही. यूट्यूबवर रजिस्ट्रीत एक व्हॅल्यू बदलून गेस्ट परत चालू करायचे व्हिडिओ ढिगानं आहेत, ते करू नका. नॅसवर गेस्ट बंद करा आणि प्रत्येकाचा युजर पासवर्ड बनवा, पाच माणसांचं काम आहे, चहा पिऊन होईल. फायदा असा की उद्या फाईल कुणी उडवली हे लॉगमधे दिसतं, लॉग चालू केलेला असेल तर.

एक अडचण येणार, आधीच सांगतो. ज्या पीसीवर गेस्टनं आधी जोडलंय तिथं नवीन युजर टाकला की विंडोज म्हणतं एकाच सर्व्हरला दोन वेगवेगळ्या युजरनं जोडता येत नाही, एरर १२१९. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट यूज, स्टार, स्लॅश डिलीट अशी कमांड द्या, जुनी सगळी जोडणी तुटते, कंट्रोल पॅनलमधे क्रेडेन्शियल मॅनेजरमधे नॅसच्या नावाचं काही साठलं असेल तर काढा, आणि नव्यानं मॅप करा. पासवर्ड लक्षात ठेव वर टिक करा नाहीतर रोज सकाळी तुम्हालाच हाक मारतील.

फ्लेक्सवाला:
झालं हे, १२१९ पण आली होती अगदी तशीच, कमांडनं गेली. आता एक्सपी. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला नॅसच्या सेटिंगमधे एसएमबी १ चालू करा, लगेच दिसेल. करू का?

रात्रपाळी:
नका करू. चालेल, हो, लगेच दिसेल, एक्सपीला एसएमबी १, म्हणजे त्या पद्धतीची जुनी आवृत्ती, सोडून दुसरं काही बोलताच येत नाही, व्हिस्टापासूनच्यांना नवीन येतं. पण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) जगभर पसरला तो याच एसएमबी १ च्या भोकातून, आणि त्याच वर्षी विंडोज १० च्या पुढच्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं ते नव्या इन्स्टॉलमधून काढूनच टाकलं. एका पीसीसाठी अख्ख्या नॅसचं दार खाली उतरवायचं, आणि तो पीसी असा की ज्याला २०१४ च्या एप्रिलपासून नियमित अपडेट नाहीत. मी हे कुणाच्याही ऑफिसात करू देत नाही.

डीटीपीवाली:
आमच्याकडे हाच प्रकार आहे, मशीन जुनं, पीसी जुना, आणि मशीन बदलायचं म्हणजे लाखांत जातं म्हणून कुणी बदलत नाही. आम्ही एफटीपी, म्हणजे फायली पाठवायची जुनी साधी पद्धत, वापरतो. नॅसवर एफटीपी सेवा चालू करा, फक्त ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरती, बाहेर अजिबात नाही. एक वेगळा शेअर करा 'प्रिंट' नावाचा आणि एक वेगळा युजर ज्याला फक्त तेवढाच फोल्डर दिसेल आणि तोही फक्त वाचायला. एफटीपीचा पासवर्ड वायरवरून उघडा जातो म्हणून तो युजर बाकी कुठंच वापरायचा नाही. एक्सपीच्या माय कॉम्प्युटरच्या अॅड्रेस बारमधेच एफटीपीचा पत्ता टाकला की फोल्डरसारखं उघडतं, तिथून फाईल ओढून लोकल डिस्कवर घ्यायची आणि मग रिप (मशीनला छापता येईल अशी तयार) करायची. तसंही रिप नेटवर्कवरून चालवूच नये, छपाई चालू असताना केबल हलली की दहा फुटांचं मटेरियल वाया.

आणि हो, प्रिंट फोल्डरमधे फाईलचं नाव देवनागरीत ठेवू नका, एक्सपीच्या एफटीपीत ते कचरा दिसतं. आमच्याकडे ऑपरेटरनं "वाढदिवस फायनल" आणि "वाढदिवस फायनल नवीन" यातलं नेमकं कुठलं हे त्या कचऱ्यातून ओळखायचा प्रयत्न केला होता, पुढचं विचारू नका. आता ऑर्डर नंबर आणि साइझ, एवढंच नाव.

रात्रपाळी:
ताईंचा उपाय चांगलाय. त्यात एक भर, एक्सपीला हातानं आयपी द्या आणि गेटवेचा रकाना आणि डीएनएसचे रकाने रिकामे सोडा. ऑफिसातल्या ऑफिसात बोलेल, इंटरनेटला जायचा रस्ताच माहीत नसेल. पेनड्राइव्ह मात्र तरीही लावतातच लोक, ते तुम्ही बघा.

आणि आयपी बदलण्याचं, नॅसवर हातानं आयपी टाकण्यापेक्षा राउटरमधे जाऊन डीएचसीपी (राउटरची आपोआप आयपी द्यायची सोय) रिझर्व्हेशन करा, नॅसचा मॅक पत्ता (त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर) आणि त्याला एक ठरावीक आयपी. एक्सपीला हातानं दिलेला आयपी राउटर ज्या पट्ट्यातले आयपी आपोआप देतो त्याच्या बाहेरचा घ्या नाहीतर कधीतरी दोघांना एकच मिळेल. राउटर कंपनीवाल्यानं बदलून नेला तर हे परत करावं लागतं, कुठंतरी लिहून चिकटवा.

टोचन:
सगळे स्पीडमधे गुंतलेत. बॅकअप कुठाय?

फ्लेक्सवाला:
बॅकअप म्हणजे रेड १ आहे ना? दोन डिस्क आहेत की.

टोचन:
हेच ऐकायचं होतं. एक डिस्क मेली तर काम थांबत नाही, रेडचं काम तेवढंच. तुम्ही फोल्डर डिलीट केला तर दोन्हीवरून त्याच क्षणी डिलीट. रॅन्समवेअरनं एका पीसीवरून मॅप ड्राइव्ह लॉक केला तर दोन्ही प्रती लॉक. वीज जोरात आली, चोर आला, छत गळलं, दोन्ही डिस्क एकाच डब्यात आहेत. रेड हा बॅकअप नाही, हे नॅसच्या डब्यावरच छापायला पाहिजे.

रात्रपाळी:
भाषा तिखट आहे पण खरंय. तुम्हाला करायचंय ते असं. नॅसवर फाईल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) कुठली आहे बघा, बीटीआरएफएस असेल तर स्नॅपशॉट घेता येतात, दर दोन तासांनी ठेवा, चुकून बदललेली फाईल दुपारच्या अवस्थेत परत मिळते, जागा फक्त बदललेल्याचीच खाते. दुकानदारानं ईएक्सटी४ करून दिलं असेल तर नंतर बदलताना सगळं पुसावं लागतं, म्हणून डेटा भरायच्या आत बघा. हे आज बघा, बाकीचं उद्या. नॅसचं मॉडेल अगदी स्वस्तातलं असेल तर बीटीआरएफएसचा पर्यायच नसेल, तेव्हा निदान शेअरची रिसायकल बिन चालू ठेवा.

मग दोन यूएसबी डिस्क. एक नॅसला लावून रात्री आपोआप कॉपी, आठवड्यानं काढून मालकांच्या घरी, दुसरी लावायची. घरी असलेली डिस्क कुठल्याच व्हायरसला सापडत नाही. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी जुनी टिफ उघडून बघा, उघडली तरच तो बॅकअप.

डीटीपीवाली:
टॅली असेल तर तिचा चालू डेटा नॅसवर टाकू नका असं माझं मत. चालतं, पण मधेच नेटवर्क तुटलं की डेटा खराब व्हायची भीती असते आणि एंट्री करताना हळू वाटतं. डेटा बिलिंगच्या पीसीवरच राहू दे, रोज संध्याकाळी टॅलीतूनच बॅकअप नॅसवर. जीएसटीची कागदं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायची असतात, तेव्हा हे फोल्डर डिझाइनवाल्यांना उघडता येणार नाही असं वेगळं करा.

फ्लेक्सवाला:
बघितलं, ईएक्सटी४ च होतं. डेटा फार टाकला नव्हता म्हणून सगळा एका पीसीवर काढला आणि बीटीआरएफएस करून घेतलं, स्नॅपशॉट चालू झाले. केबल आज ओढली, स्विच पण आला, १०८ एमबी दाखवतोय!! जिथं टिफला दोन मिनिटं लागायची तिथं दहा-बारा सेकंद. एक्सपीला एफटीपी लागला, ऑपरेटर सुरुवातीला कुरकुरला, आता पेनड्राइव्ह शोधत फिरावं लागत नाही म्हणून गप्प आहे.

दोन गोष्टी राहिल्या. मालकांना घरून मोबाईलवर डिझाइन बघायचंय, त्यांच्या भाच्यानं सांगितलंय राउटरमधे पोर्ट फॉरवर्ड करा. आणि इन्व्हर्टर आहे ऑफिसला, तर यूपीएस वेगळा लागेल का?

रात्रपाळी:
पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून थेट नॅसपर्यंत वाट उघडणं, नको. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं क्यूनॅप कंपनीचे जे नॅस थेट इंटरनेटवर उघडे होते तेच गाठले, डेटा लॉक करून बिटकॉइन मागितले. कंपनी कुठलीही असो, नॅसचं लॉगिन पान जगाला दाखवायचं नाही. शिवाय बऱ्याच फायबर कनेक्शनला आता स्वतःचा पब्लिक आयपीच मिळत नाही, सीजीनॅटमागं, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच आयपीमागं, असता, भाच्याचा प्रयोग तसाही चालणार नाही. टेलस्केल (आपल्याच मशिनांना आपसात सुरक्षित जोडणारं अॅप) टाका, नॅसवर आणि मालकांच्या मोबाईलवर, राउटरला हात न लावता चालतं. मालकांना फक्त वाचायचा हक्क द्या, मालक असले तरी.

केबलकाका:
यूपीएस लागेल. इन्व्हर्टर साध्या मोडवर असला की लाईट गेल्यावर पलटायला जो क्षण घेतो त्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतात, नॅस पण. यूपीएस मोडचं बटण असेल तर दाबा, पण बॅटरी उतरल्यावर नॅसला कळणार कसं? म्हणून यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या आणि तुमच्या नॅसला तो मॉडेल चालतो का ते कंपनीच्या यादीत बघून घ्या, साध्या ६०० व्हीएवाल्यांना बहुतेक यूएसबी नसतो. वायर नॅसला जोडली की बॅटरी कमी झाल्यावर तो स्वतःहून नीट बंद होतो. स्विच आणि राउटर पण त्याच यूपीएसवर. फ्लेक्स मशीन मात्र त्यावर लावू नका.

फ्लेक्सवाला:
मशीनला वेगळा स्टॅबिलायझर आहेच. यूपीएसचं मालकांना सांगितलंय, यूएसबी डिस्क एक मिळालीय, दुसरी पगारानंतर म्हणाले. टेलस्केल रविवारी दुकान बंद असताना टाकतो, अडकलो तर इथंच विचारतो.

टोचन:
दुसरी डिस्क येईपर्यंत पहिली नॅसला कायमची लावून ठेवू नका, कॉपी झाली की काढा.