एक्सपीवरचा पेजमेकर रखडतोय, मशीन चालू ठेवायचंय

मिरजेची अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. मी घरीच डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम, करते. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं आणि पावसाळ्यात पतसंस्था, दूध संस्था यांचे वार्षिक अहवाल. मशीन २००४ सालचं आहे: पेन्टियम ४, २.८ गिगाहर्ट्झ, ८६५ चिपसेटचा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची आयडीई (रुंद पट्टीच्या वायरीने जोडायची) हार्डडिस्क. विंडोज एक्सपी, सर्व्हिस पॅक ३. पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर ७ आणि त्या वेळी घेतलेलं मराठी फॉन्टचं पॅकेज. त्या पॅकेजचं लॉक, म्हणजे जी लावल्याशिवाय ते चालत नाही ती छोटी डबी, मागे प्रिंटरच्या पोर्टला लागतं.

गेले काही महिने मशीन फार त्रास देतंय. सुरू करून चहा करून आलं तरी डेस्कटॉप अर्धवटच. पेजमेकरमध्ये सेव्ह दिलं की माउस अडखळत पुढे सरकतो. नवीन फाइलवर मधूनच २००३ ची तारीख पडते, त्यामुळे तारखेने लावलेल्या फाइली शोधताना गोंधळ होतो. आणि दुपारच्या वेळी, कधी प्रिंट देताना, मशीन आपोआप रीस्टार्ट होतं.

इथल्या दुकानात दाखवलं. ते म्हणाले, सगळं फॉरमॅट करू, नवीन विंडोज टाकू, नाहीतर मशीन भंगारात द्या. पण मग लॉकचं काय, आणि वीस वर्षांच्या फाइलींचं काय? सप्टेंबरअखेरपर्यंत संस्थांच्या सभा असतात, अहवाल त्याआधी छापून हवेत. एका ओळखीच्यांनी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर दिलंय. ते चालवू का? कुठून सुरुवात करू?

कराडचा हार्डवेअरवाला

ताई, ते रजिस्ट्रीचं सॉफ्टवेअर आधी बाजूला ठेवा. फॉरमॅटही करू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचली तर निम्मं निदान त्यातच आहे, आणि त्यात विंडोजचा वाटा थोडा दिसतो. १९९८ पासून ही मशीनं उघडतोय. एक्सपी नुसतं वापरून म्हातारं होत नाही. वायर, बॅटरी, पंखा, कपॅसिटर आणि डिस्क म्हाताऱ्या होतात.

सर्वात आधी फाइली. आजच. डिस्क काढून यूएसबी-आयडीई कन्व्हर्टरने दुसऱ्या मशीनला जोडा आणि सगळ्या कॉपी करून घ्या. जमलं तर क्लोनझिला या सॉफ्टवेअरने पूर्ण डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घ्या, म्हणजे विंडोज, पेजमेकर, फॉन्ट सगळं जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवता येईल. लॉक पोर्टवर आहे, डिस्कवर नाही, त्यामुळे त्याच मशीनमध्ये डिस्क बदलली तरी ते चालायला हवं. हे होईपर्यंत विंडोजची डिस्क-तपासणी, चेकडिस्क, सुद्धा चालवू नका. मरणाऱ्या डिस्कवर पूर्ण तपासणी लावली की ती तपासणीतच जायची शक्यता असते.

आता माउस अडखळण्याबद्दल. हे लक्षण मला फार ओळखीचं आहे. डिव्हाइस मॅनेजर उघडा, आयडीई कंट्रोलर्समध्ये प्रायमरी आयडीई चॅनलवर डबलक्लिक करा, ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये जा. 'करंट ट्रान्सफर मोड' समोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे 'अल्ट्रा डीएमए मोड ५' असायला हवं. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे 'पीआयओ' लिहिलेलं असेल.

झालं असं असतं: डिस्ककडून येणाऱ्या माहितीत चुका झाल्या किंवा डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही, की एक्सपी त्याची नोंद ठेवतं. अशा सहा चुका झाल्या की ते वेग एक पायरी खाली आणतं, आणि असं करत करत शेवटी पीआयओवर उतरतं. डीएमएमध्ये डिस्क आणि मेमरी आपापसात देवघेव करतात, प्रोसेसर मोकळा राहतो. पीआयओमध्ये प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः वाहून न्यावा लागतो. मोड ५ ची मर्यादा सेकंदाला १०० एमबी, पीआयओची सर्वात वरची १६.६. म्हणून सेव्ह करताना माउस थांबतो.

खात्री करायची तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर जा आणि व्ह्यू मेनूतून 'शो कर्नल टाइम्स' चालू करा. हिरव्या रेषेखाली एक लाल रेष दिसायला लागेल. मग मोठी फाइल कॉपी करा. लाल रेष हिरवीला चिकटून वर गेली आणि प्रोसेसच्या यादीत कुणीच दोषी दिसत नसेल, तर समजा प्रोसेसर डिस्कची हमाली करतोय.

उपाय: आधी मशीन बंद करून आयडीईची पट्टी बदला. ८० तारांची घ्या, ४० तारांची जुनी नको. निळं टोक बोर्डाला, काळं टोक हार्डडिस्कला. मग डिव्हाइस मॅनेजरमधून प्रायमरी आयडीई चॅनल अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज ते परत ओळखेल आणि चुकांची जुनी नोंद पुसली जाईल. पट्टी न बदलता नुसतं अनइन्स्टॉल केलं तर थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, कारण मूळ दुखणं वायरमध्येच राहतं.

२००३ ची तारीख म्हणजे बोर्डावरची सीआर २०३२ बॅटरी संपलीय. घड्याळाच्या दुकानातही मिळते. बदलल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) तारीख लावा आणि बाकीच्या सेटिंग्जही एकदा बघा, विशेषतः प्रिंटर पोर्टचा मोड. बॅटरी गेल्यावर तो मूळ सेटिंगवर जातो आणि काही लॉक त्यानेच रुसतात.

रीस्टार्टचं जरा सविस्तर बघावं लागेल. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' वरची खूण काढा. आता बिघाड झाला की निळा पडदा थांबून राहील. त्यावरचा आकडा लिहून घ्या. शेवटी ७ए किंवा ७७ असेल तर संशय डिस्कवर किंवा तिच्या वायरीवर. ५० असेल तर बऱ्याचदा रॅम. निळा पडदा न येता मशीन थेट बंद होत असेल तर एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा गरमी. तुम्ही दुपार म्हणालात म्हणून विचारतो, प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये फुंकर मारून पाहिलीत का? पंख्याखाली धुळीची गादी बसलेली असते, वरून काहीच दिसत नाही. ती ब्रशने काढा आणि थर्मल पेस्ट नवीन लावा.

बॅटरी बदलायला झाकण उघडाल तेव्हा प्रोसेसरच्या आजूबाजूचे उभे नळकांडीसारखे कपॅसिटर बघा. वरची चकती सपाट हवी. फुगलेली असेल किंवा तपकिरी चिकटा बाहेर आला असेल, तर तेच कारण. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर हा रोग जगभर पसरला होता. सोल्डरिंग येणारा रेडिओ-टीव्हीचा जुना कारागीर हे बदलून देऊ शकतो. व्होल्टेज तेच किंवा जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच, १०५ अंशांचे आणि लो ईएसआर प्रकारचे, एवढं त्याला सांगा.

यातलं जे दिसेल ते लिहा, पुढचं मग बोलू.

टाइपसेटर डोंबिवलीकर

वरच्या काकांनी हार्डवेअरचं सांगितलंच आहे. मी डीटीपीवाल्याच्या बाजूने सांगतो. ताई, तुमच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये किती फॉन्ट आहेत ते मोजलंत का? आपल्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाईक एक सीडी घेऊन येतं आणि आपण सगळे फॉन्ट आत ओततो. ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर हजारभर फॉन्ट असले की सुरू होताना आणि पेजमेकर उघडताना वेळ जाणारच.

एक वेगळं फोल्डर करा आणि रोज न लागणारे फॉन्ट तिकडे हलवा. विंडोजचे स्वतःचे फॉन्ट, म्हणजे टाहोमा, एरियल, मंगल वगैरे, हलवू नका. एखादं जुनं काम आलं की तेवढेच फॉन्ट परत घाला. 'इन्स्टॉल न्यू फॉन्ट' मध्ये 'कॉपी फॉन्ट्स टू फॉन्ट्स फोल्डर' वरची खूण काढली तर फाइल जागेवरच राहते आणि काम संपल्यावर काढून टाकणं सोपं जातं.

आणि रॅम वाढवा. त्या बोर्डाला डीडीआर ४०० लागते, डीडीआर २ बसणार नाही, खाच वेगळ्या जागी असते. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, इथे जुनी रॅम शोधली तर मिळते. एक जीबीवर पेजमेकर आरामात चालतो.

प्रत्येक पूर्ण झालेल्या अहवालाची पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत एम्बेड करून. आपले ते जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आहेत. फॉन्ट हरवला की 'सभासद' च्या जागी नुसता इंग्रजी कचरा उरतो.

लिनक्सवाला पुणेकर

मला वाटतं, एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे दुसऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, हलवणं हाच खरा मार्ग. नवीन मशीन घ्या, आत एक्सपी चालवा, लॉकसाठी यूएसबी ते पॅरलल वायर लावा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय, इंटरनेटवर ते ठेवणं धोक्याचं आहे.

कराडचा हार्डवेअरवाला

इंटरनेटबद्दल शंभर टक्के सहमत. ताई, त्या मशीनची नेटची वायर काढूनच ठेवा. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही पॅच काढला होता, एवढी वेळ आली होती. नेट नसेल तर अपडेट बंद पडलेला अँटिव्हायरसही काढून टाकता येईल. तो नवीन काही ओळखत नाही आणि प्रत्येक फाइल उघडताना वेळ मात्र खातो. पेनड्राइव्हचा ऑटोरन बंद करा, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या मशीनवर तपासून मगच इथे लावा.

वायरबद्दल मात्र दादा, नाही. ती यूएसबी वायर विंडोजला फक्त एक प्रिंटर दाखवते. लॉकचं सॉफ्टवेअर थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतं, बहुतेक ३७८ वर, आणि त्या वायरीत तसा पत्ताच नसतो. खरा पॅरलल पोर्ट बोर्डावर असेल किंवा पीसीआय कार्डावर असेल आणि व्हर्च्युअल मशीन तो आतपर्यंत पोहोचवत असेल, तर प्रयोग करता येईल. पण तो अहवालांचा हंगाम संपल्यावर. हातात काम असताना चालती गाडी उघडू नये.

मिरजेची अक्षरजुळणी

काका, फाइली आधी कॉपी करून घेतल्या, भाच्याने कन्व्हर्टर आणून दिला. मग डिव्हाइस मॅनेजर बघितला. अगदी तुम्ही म्हणालात तेच, 'पीआयओ मोड'. आतली पट्टी एका ठिकाणी घडी पडून चेपलेली होती, झाकणाखाली दाबली जात असावी. ८० तारांची नवीन लावली, चॅनल काढून रीस्टार्ट केलं, आता 'अल्ट्रा डीएमए मोड ५' दिसतंय. सेव्ह दिलं की लगेच होतं, माउस अजिबात अडखळत नाही. मला हे खरंच वाटेना. इतके दिवस मी पेजमेकरला दोष देत होते.

बॅटरी बदलली. प्रिंटर पोर्टचा मोड 'ईसीपी' होता तो 'ईपीपी' केला, लॉक लगेच ओळखलं. डोंबिवलीकर दादा, फॉन्ट मोजले, दीड हजाराच्या वर निघाले. आता मोजकेच ठेवलेत.

रीस्टार्ट मात्र काल पुन्हा झाला. निळा पडदा आला नाही, थेट बंद होऊन चालू. प्रोसेसरशेजारच्या चार कपॅसिटरांपैकी दोघांच्या चकत्या वर आल्यात, एकावर तपकिरी डाग आहे. बोर्ड बदलावा का?

कराडचा हार्डवेअरवाला

बोर्ड बदलू नका. चिपसेट बदलला तर विंडोज सुरूच होणार नाही अशी शक्यता असते, मग सगळं नव्याने. चारही कपॅसिटर बदलून घ्या, दोनच नको. सगळे एकाच वयाचे आहेत. तोपर्यंत मशीन सलग चालवू नका, दुपारी तर नकोच, आणि दर पानाला सेव्ह करा. एसएमपीएसही आतून फुगलेला निघू शकतो, तो आधी दुसऱ्या मशीनचा लावून बघा. तुम्ही स्वतः त्याचं झाकण उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट राहतो.

आणखी एक, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोची एक्सपीवर चालणारी जुनी आवृत्ती टाका. त्यात सी७ समोरचा कच्चा आकडा आज लिहून ठेवा. तो वायरीतल्या चुकांचा असतो, कमी होत नाही, पण नवीन पट्टीनंतर वाढायलाही नको. ०५ आणि सी५, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे, यांच्यासमोर मात्र शून्यच हवं. तिथे काही दिसलं तर अहवालाचं पुढचं पान लावायच्या आधी इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि आकडे इथे टाका.