गॉडझिला मायनस वन बघावा का? आणि तुमच्या आठवणीतले थेटरातले राक्षस

पावसाळी_दुपार:
काल रात्री लेकीबरोबर नेटफ्लिक्सवर 'गॉडझिला मायनस वन' बघितला आणि मग झोपच लागेना, बाबांची आठवण येत राहिली. १९९८ चा अमेरिकन गॉडझिला त्यांनी मला साताऱ्यात दाखवलेला, पडद्यावर धो धो पाऊस आणि इकडे थेटराचा पत्रा गळतोय. बाबांनी रुमालाच्या चारी कोपऱ्यांना गाठी मारून माझ्या डोक्यावर घातला आणि स्वतः भिजत बसले. तो पिक्चर बेताचाच होता, पण कालचा बघाच. गॉडझिला दिसतो कमी, पण १९४५ चा तो माघारी फिरलेला कामिकाझे (शत्रूच्या जहाजावर विमान आदळून मरायला पाठवलेला) पायलट, बेचिराख टोकियो, दुसऱ्याचं बाळ सांभाळणारी नोरिको, ह्यांना काही व्हायला नको म्हणून जीव टांगणीला लागतो. तुम्ही पण लिहा.

तीन_शिट्ट्या:
रुमालाला गाठी वाचून डोळे भरले गं. ६ वर्षांच्या मुलाला दाखवू का? कुकर लावलाय, येते परत

निशीकसाईकर:
@तीन_शिट्ट्या नको, सुरुवातीलाच बेटावर माणसं तोंडात धरून भिरकावतो.
मी इथे टोकियोत थेटरात बघितला, नोव्हेंबर २०२३. सबटायटल नाहीत, निम्मं जपानी डोक्यावरून गेलं तरी गिन्झाच्या (इथलाच बाजाराचा भाग) सीनला हात गार पडले. आधी तो धक्का, मग सगळं चिडीचूप, आणि मग अणुबॉम्बनंतर पडतो तसा काळा पाऊस. शेजारी ऐंशीच्या पुढचे आजोबा होते, ते पाऊस थांबेपर्यंत डोळे मिटून बसले. नावं संपेपर्यंत कुणी उठलं नाही. १९५४ ला पहिला गॉडझिला आला त्याच वर्षी मार्चमध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख इथल्या एका मासेमारी बोटीवर पडलेली, त्यामुळे इथल्या लोकांना हा नुसता राक्षस वाटतच नाही.

रोटोवाली:
मी व्हीएफएक्सच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर दृश्यं बनवायच्या लाइनमधली. ह्या पिक्चरचे असे ६१० शॉट आणि करणारी ३५ माणसं!! दिग्दर्शक यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्स सुपरवायझर. २०२४ ला व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं तेव्हा आमची नाइट शिफ्ट सुटत होती, कुणी घरी जाईना, सगळे टाळ्या वाजवतायत. तो लाकडी बोटीच्या मागे लागतो ना, तिथे त्याच्या मानेभोवती पाणी कसं फुटतं ते बघा. पाणी खरं वाटायला लावणं म्हणजे जीव काढतं, मी एका लाटेपायी आठ दिवस घालवलेत

भाचरांचा_मामा:
मला नाही झेपला. मारामारी बघायला बसलेलो, अर्धा वेळ रडारड. मार्च २०२४ ला भाचरांना गॉडझिला आणि कॉंगवाला अमेरिकन पिक्चर दाखवला, पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडत होती, पैसे वसूल. मोठ्या पडद्यावर दणका पाहिजे बाबा

पावसाळी_दुपार:
@भाचरांचा_मामा पोरांबरोबर तेच बघावेत, खरंय. हा एकदा रात्री निवांत बघा, आवाज मोठा ठेवून. शेवटी समुद्रात ते जुनं संगीत सुरू होतं, पहिल्या पिक्चरमधलं, इफुकुबेंचं, तेव्हा अंगावर काटा येतो.

कंदी_पेढा:
अगं तू साताऱ्याची?? मी पण! त्या पत्र्याखाली आम्ही छत्री उघडून बसायचो, मागचे लोक ओरडायचे. कुठली शाळा?

पावसाळी_दुपार:
कन्याशाळा. आत्ताच बाबांना फोन केला, पिक्चर अजिबात आठवत नाही म्हणाले, पण परत येताना शेवटची एसटी चुकली आणि स्टँडवर बसून पाव किलो पेढे संपवले ते आठवतंय.

कंदी_पेढा:
काकांना नमस्कार सांग. पुढच्या आठवड्यात जातेय गावी, पेढे आणू का तुला?

तीन_शिट्ट्या:
मला पण आणा. वरण करपलं वाचता वाचता