हिरवे हायड्रा पांढरे पडत आहेत, तातडीने मदत हवी आहे

पाणवठा:
माझ्या बरणीतील हिरवे हायड्रा (गोड्या पाण्यातील इवले, नळीसारखे प्राणी) सहा दिवसांत फिकट पडले असून काही तर जवळजवळ पांढरे झाले आहेत. अंगात शैवाल असल्याने ते स्वतःचे अन्न स्वतःच तयार करतात, मग असे का व्हावे? सोमवारी वर्गात दाखवायचे आहेत, तेव्हा कृपया नेमका उपाय सांगावा.

सूक्ष्मदर्शी:
बरणी कोठे आहे, पाणी कोणते आहे आणि शेवटचे खाणे कधी दिले, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

टाकीवाला:
फेनबेंडाझोल हे जंतनाशक औषध घाला. माझ्या टाकीतील सगळे हायड्रा त्यानेच गेले.

पाणवठा:
मला ते घालवायचे नाहीत, जगवायचे आहेत! पाणी तळ्याचे आहे आणि बरणी खिडकीत आहे. खाणेही द्यावे लागते, हे मला ठाऊक नव्हते.

सूक्ष्मदर्शी:
द्यावे लागते. क्लोरेला गटातील हे शैवाल हायड्राच्या आतल्या थरातील पेशींत राहते आणि त्याला माल्टोज ही साखर पुरवते. पण केवळ साखरेवर शरीर वाढत नाही, त्यासाठी भक्ष्य लागते. जलपिसवा किंवा आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील कोळंबीसारख्या इवल्या जिवाची अंड्यातून नुकती बाहेर पडलेली पिल्ले, खारे पाणी धुऊन काढून, द्यावीत.

काजवा:
माझ्या मते प्रकाश अपुरा आहे. दिवा लावून पाहा.

सूक्ष्मदर्शी:
असहमत. खाणे मिळत राहिले तर हिरवा हायड्रा अंधारातही बरेच दिवस हिरवा राहतो. उलट शैवालरहित हायड्रा मुद्दाम तयार करायचे असतात, तेव्हा प्रकाशसंश्लेषण रोखणाऱ्या रसायनाच्या जोडीला प्रखर प्रकाशच वापरतात.

खारवा:
प्रवाळांचेही असेच होते. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा 1 अंशाने जरी काही आठवडे अधिक राहिले, तरी ते शैवाल गमावून पांढरे पडतात. आपल्या बरणीवर थेट ऊन येते का?

काजवा:
प्रवाळांतील शैवाल निराळ्या गटाचे असते, त्यामुळे ही तुलना ताणू नये. उन्हाचा प्रश्न मात्र रास्त आहे.

पाणवठा:
दुपारी दोन तास येते आणि काच हाताला चांगली कोमट लागते. आताच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले: बाहेरचा थर काचेसारखा नितळ दिसतो, आत विरळ हिरवे कण आहेत, आणि एकाला फुटलेल्या कळीतही (अंगावरच वाढणाऱ्या पिल्लातही) तसेच तुरळक कण आहेत.

सूक्ष्मदर्शी:
मग शैवाल पूर्ण गेलेले नाही. कळीत ते जनक हायड्राकडूनच उतरते. बरणी थेट उन्हातून हलवून उजेडाच्या पण गार जागी ठेवा आणि खाणे सुरू करा. उरलेले कण विभागून वाढतील, पण सोमवारी मात्र आपल्याला फिकटच हायड्रा दाखवावे लागतील.

पाणवठा:
आर्टेमियाची अंडी फुटायला किती वेळ लागतो?

टाकीवाला:
कोमट खाऱ्या पाण्यात साधारण एक दिवस.