मरिया मातेच्या सणाला बायकांचा सत्कार, पण कोणत्या बायकांचा?

मोगरा_वसई

नमस्कार मंडळी. वसईतून लिहितेय, धर्मग्रामाचं, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीचं, नाव मुद्दाम टाकत नाही, ओळखणारे ओळखतील. ८ सप्टेंबरला पवित्र मरियेच्या जन्माचा सण, आधी नऊ दिवस नोव्हेना (रोजची खास प्रार्थना), आणि सणाच्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) आमचं महिला मंडळ "श्रद्धा आणि धैर्य" म्हणून काही बायकांचा सत्कार करतं. यंदा हे सगळं माझ्या गळ्यात पडलंय कारण मीटिंगला उशिरा पोचले.

आतापर्यंत काय व्हायचं तर शाल, गुच्छ, ट्रॉफी, मोठं भाषण, फोटो, समोसा-केक. आणि सत्कार कोणाचा तर रिटायर मुख्याध्यापिका, डॉक्टरीणबाई, एखाद्या फादरांची आई आणि मंडपाचा खर्च उचलणाऱ्यांच्या घरातलं कोणीतरी. त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण पहाटेच्या लोकलने फुलांची बोचकी घेऊन दादरला जाणाऱ्या बायका, कोळीवाड्यातल्या टोपल्या घेऊन फिरणाऱ्या, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांभाळून रोज रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) चालवणाऱ्या, यांतली एकही त्या स्टेजवर चढलेली मला आठवत नाही.

आता खरा घोळ. मी एक नाव सुचवलं. नवरा प्यायचा, मारायचा, वर्षानुवर्षं. शेवटी ती दोन पोरांना घेऊन बाहेर पडली, भाड्याच्या खोलीत राहून डबे सुरू केले, पोरं शिकवली, आणि या सगळ्यात तिचा मिस्सा चुकला नाही. लोक पाठीमागे बोलायचे तरी ती पुढच्या बाकावर. मला यापेक्षा जास्त श्रद्धा आणि धैर्य कुठे शोधायचं तेच कळत नाही. पण कमिटीत एकजण म्हणाले, संसार मोडलेल्या बाईला वेदीसमोर उभी करून आपण तरुण मुलींना काय सांगणार? आणि त्यांनी लगेच दुसरं नाव दिलं, जिने तसंच सगळं तीस वर्षं सोसलं आणि घर सोडलं नाही. "हिला द्या, ही खरी ख्रिस्ती बाई."

मी गप्प बसले, खरंतर उत्तर सुचलं नाही. चर्चच्या नियमात खरंच असं काही आहे का? आणि सत्कार नुसता ट्रॉफीवाटप न होता नीट कसा करायचा, तेही सांगा कोणीतरी.

मास्तर_नंदाखाल

नियमाचं पहिलं सांगतो कारण तिथे लोक बिनधास्त ठोकून देतात. चर्चच्या कायद्यात, म्हणजे १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, कलम ११५३ वाच. जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल, किंवा एकत्र राहणं फार कठीण झालं असेल, तर वेगळं व्हायला ते रास्त कारण आहे. बिशपांच्या हुकुमाने व्हावं असं म्हटलंय पण थांबण्यात धोका असेल तर स्वतःहून निघून जाता येतं. कायद्यातच आहे हे, कोणा मॉडर्न फादरचं मत नाही. धोका टळला की पुन्हा एकत्र यावं अशी अपेक्षा आहे तेही खरं, पण टळला की नाही हे कमिटी ठरवत नसते.

दुसरं, पोप फ्रान्सिसचं २०१६ चं कुटुंबावरचं पत्रक "आमोरिस लेतित्सिया", परिच्छेद २४१. दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना हिंसा आणि अपमानातून सोडवायचं असेल तर वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरतं, असं तिथे म्हटलंय. म्हणजे चालवून घेऊ असं नाही, आवश्यक!

आणि वेगळी राहते पण दुसरं लग्न केलेलं नाही, अशा बाईला कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घ्यायला त्या एका कारणाने काही आडकाठी नाही. आपल्याकडे कित्येक बायका उगाच मागे बसून राहतात, कोणी सांगत नाही म्हणून.

आळीतला_काका

मास्तर, कलम ठीक आहे पण मी थोडं उलट बोलतो, राग मानू नका.

एक तर त्या दुसऱ्या बाईला एवढ्या सहज बाजूला सारू नका. तीस वर्षांपूर्वी बाहेर पडून ती जाणार कुठे होती? माहेरचे दार उघडत नव्हते, हातात पैसा नाही, वाडीत जमीन नवऱ्याच्या नावावर. तिने देवावर भरवसा ठेवून पोरं वाढवली, तिला आज "तू कशाला सोसलंस" म्हणायचं का? दुसरं, स्टेजवर जिला चढवाल तिची गोष्ट माईकवर सांगणार ना? मग तिच्या पोरांनी उद्या कॉलेजात कोणाकोणाला तोंड द्यायचं? तिचा नवरा पण याच गावात आहे, त्याचे भाऊ पण मिस्साला येतात.

आणि शालीला नावं ठेवू नका पोरी. माझ्या आईला एकदा मिळाली होती, तिने ती कपाटात ठेवली, कधी पांघरली नाही आणि गेली तेव्हा आम्ही तीच घातली तिच्यावर. तुम्हाला नुसती शाल दिसते.

मालवणची_रोझ

मी मालवणीतच लिवतंय, समजून घेवा.

काकानू, तुमचा पयला म्हणणा माका पटता, जी रवली तिचो पण मान ठेवक व्हयो. पण तिका मान देताना काय बोलतास ता बगा. "घोवान मारल्यान तरी हीना तोंड उघडूक नाय" असा माईकवर बोललास तर समोर बसलेल्या धा चेडवांका काय कळतला? मार खावक व्हयो म्हणान? मार खावन कोण संत जाणा नाय. ती रवली, तिना पोरांका शाळेत धाडल्यान, घोवाक दारयेतसून सोडवक धा खेपा फादराकडे गेली, ता सांगा ना. ता धैर्य. मार खाणा ह्या धैर्य न्हय, ता तिच्यावर झालेलो अन्याव.

आमच्याकडे पण असोच कार्यक्रम जाता आणि दर वर्सा भाषणात मरिया माता कशी गप्प आणि सोशिक. अगो, ती काना गावातल्या लग्नात वाइन संपली म्हणान स्वता जावन झिलाक सांगता, तो नको म्हणता तरी नोकरांका सांगता हो सांगतलो ता करा. गप्प खय आसा ती?

वाचनवाली

मोगरा, मी आमच्या चर्चमध्ये मिस्साच्या वेळी बायबलची वाचनं करते म्हणून मला लगेच एक गोष्ट सुचली आणि ती तुमच्या कमिटीतल्या काकांना वादात नाही तर वेदीवरून ऐकवता येईल.

८ सप्टेंबरचं शुभवर्तमान कुठलं आहे बघितलंस का? मत्तयचा पहिला अध्याय, येशूची वंशावळ. अमक्याला अमका झाला, तमक्याला तमका झाला, अशी पुरुषांची लांबलचक यादी, सगळे तेव्हा जांभया देतात. पण त्या यादीत मरियेच्या आधी चार बायका आहेत. तामार, विधवा, जिला सासऱ्याने, यहूदाने, धाकट्या मुलाशी हक्काचं लग्न लावून देण्याचं टाळलं म्हणून तिने वेष बदलून त्यालाच फसवलं, आणि शेवटी तो यहूदाच म्हणतो की ही माझ्यापेक्षा नीतिमान आहे (उत्पत्ती ३८). राहाब, यरीहोची वेश्या, हेर घरात लपवले आणि राजाच्या माणसांना खोटं सांगून भलतीकडे पाठवलं. रूथ, परदेशी, मवाबी, विधवा. आणि चौथीचं तर नावच घेतलेलं नाही, "उरीयाची बायको" एवढंच, म्हणजे बथशेबा, जिला दावीद राजाने आपल्याकडे आणवलं आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं, ते सगळ्यांना माहीत आहे आणि मत्तय ते लपवत नाही.

आता यांची नावं तुमच्या कमिटीपुढे ठेवली असती तर एक तरी पास झाली असती का?

पण गंमत अशी की या शुभवर्तमानाचा शॉर्ट फॉर्म पण आहे, १८ ते २३ ओव्या, त्यात थेट योसेफाच्या स्वप्नापासून सुरुवात. पाऊस असतो, लोकांना घाई असते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तोच वाचतात आणि या चौघी गायब. तू फादरांना आधीच जाऊन सांग की यंदा लाँग फॉर्म वाचा आणि प्रवचनात या चौघींवर बोला. तेवढं झालं तरी तुझं अर्धं काम झालं.

शिवाय २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिसनी कायदा बदलून वाचक आणि वेदीसेवक ही पदं बायकांनाही अधिकृतपणे खुली केली. वाचनं आपण आधीपासून करतोच, पण ते "बाई कोणी नाही तर तू वाच" असं होतं, आता तसं नाही. पवित्र गुरुवारी पाय धुवायला बायका बसू शकतात ते २०१६ पासून. तुमच्याकडे बसतात का? वर्षातून एक दिवस शाल द्यायची आणि बाकी ३६४ दिवस पॅरिश कौन्सिलच्या (चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या) हिशोबाच्या टेबलावर चहा ठेवायला बोलवायचं, हे मला जास्त खटकतं.

रत्नागिरीकर

आम्ही प्रोटेस्टंट, त्यामुळे सण-नोव्हेना आमच्याकडे नाही, पण विषय तोच आहे म्हणून मध्ये घुसतोय.

तुम्ही लोक धैर्याची उदाहरणं फार लांब शोधता असं मला वाटतं. लक्ष्मीबाई टिळक घ्या. नवरा आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, नारायण वामन टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाला. तिने काय लगेच "पती म्हणेल ते" केलं? नाही. ती वेगळी राहिली, पुढे तो राहायचा त्या गावात राहायला आली तरी सोवळं धरून, स्वयंपाकपाणी वेगळं, आणि स्वतःला पटलं तेव्हा, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. आज मराठी ख्रिस्ती माणूस तिचं नाव अभिमानाने घेतो आणि तीही काही वर्षं नवऱ्यापासून लांब राहिलेली बाई होती. सांगा तुमच्या कमिटीला.

आणि पंडिता रमाबाई. १८८२ साली नवरा गेला, कडेवर लहान मुलगी, आणि त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे उभी राहून सांगतेय की बायकांसाठी बाई डॉक्टर आणि बाई शिक्षक पाहिजेत. पुढच्या वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मभगिनी सांगतील ते मान्य असं नाही, पत्रांतून सिद्धांतावर वाद घालायची. १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आली, केडगावचं मुक्ती मिशन, तिचा निराधार बायका-मुलींचा आश्रम, तिथून वाढलं. आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, छपाईचं काम तिथल्या मुलींनीच केलं. श्रद्धा होती म्हणजे मान खाली होती असं काही नाही.

कार्यक्रमाचं म्हणाल तर आमच्याकडे मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दर वर्षी एका देशातल्या ख्रिस्ती बायका सगळी उपासना लिहितात आणि जगभर तीच होते. २०२३ ला तैवान होतं, २०२५ ला कुक बेटं. आमच्या मंडळीत त्या दिवशी पाळकसाहेब मागे बसतात, पुढे सगळ्या बायका. सत्कार वगैरे काही नाही, नुसतं त्यांनी बोलायचं आणि आम्ही ऐकायचं. तुम्ही पण भाषण काढून टाका ना, पाहुणा बोलवूच नका.

कोळीवाडा_नायगाव

माझं छोटं. तारीख बदलता येणार नाही माहितीय पण वेळेचा विचार करा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टपासून बोटी परत समुद्रात. सप्टेंबरात आमच्या बायका पहाटे बंदरावर, मग बाजार, मग घरी येऊन उरलेलं सुकवायचं. फुलवाल्या पण पहाटे तीनला उठलेल्या असतात. संध्याकाळच्या मिस्सानंतर दीड तास कार्यक्रम लावला तर त्या बसूच शकत नाहीत, मग म्हणायचं "या बायका येतच नाहीत". मिस्साच्या आतच करा काय ते.

आणि नाव घेताना तिचं स्वतःचं नाव घ्या. माझ्या काकीला एकदा बोलावलं तर "अमुक तांडेलांच्या पत्नी" म्हणून, तिला कळलंच नाही आपल्याला हाक मारली.

मोगरा_वसई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काकांचं माईकवाली गोष्ट सांगण्याबद्दलचं मला लागलं, म्हणून काल मी सरळ तिच्या घरी गेले आणि विचारलं. कमिटीत इतकी चर्चा झाली पण तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती डबे भरत होती, ऐकून हसली आणि म्हणाली सत्कार नको, माझी गोष्ट तर अजिबात सांगू नको, पण बरीच वर्षं झाली मला कोणी वाचनाला बोलावलं नाही, ते देत असशील तर दे. लग्नाआधी ती वाचायची म्हणे. मला हे माहीतच नव्हतं.

दुसऱ्या मावशींकडे पण गेले, त्या तीस वर्षंवाल्या. त्यांना शाल पाहिजे. स्पष्ट म्हणाल्या, "पाहिजे." त्यांना देणार, आणि बोलताना रोझने लिहिलंय तसंच बोलणार, पोरांच्या शाळेबद्दल.

फादर लाँग फॉर्मला हो म्हणाले, थोडे चकित झाले. कमिटीतले ते काका अजून फुगलेत. पाहुणा रद्द केला तर ज्यांनी आधीच आमंत्रण दिलंय ते नाराज, ते बघते.

वाचनवाली, पहिलं वाचन मीखा ५ घ्यायचं की रोमकरांस ८? दोन्ही चालतात ना त्या दिवशी?

वाचनवाली

दोन्ही चालतात. रोमकरांस ८ छोटं आहे, २८ ते ३०, सोपं जाईल. पण तिला दोन्ही दाखव आणि तिलाच निवडू दे. आणि तुमच्या चर्चचा माईक उंच असेल तर आधी एकदा उभं राहून बघायला सांग, इतक्या वर्षांनी वाचणार म्हणजे हात थरथरतात.

मालवणची_रोझ

आणि पुस्तकातली अक्षरा बारीक आसत, चष्मो घेवन येवक सांग तिका.