सोसायटी ग्रुप (फक्त कामाचे मेसेज)

देसाई काकू ३०१: पहाटे साडेपाचला सात शिट्ट्या. डक्टला लागून आमची बेडरूम आहे हे सगळ्यांना माहीत आहे. गेल्या मीटिंगला पण बोलले होते. नाव घेत नाही.

प्रिया ४०१: काकू नाव घ्या की, आमच्याच होत्या 🙏 हरभरे होते. ह्यांची फर्स्ट शिफ्ट आहे, शिरोलीची गाडी सहाला येते. डबा कधी करायचा मी?

देसाई काकू ३०१: मी नाव घेतलेलं नाही.

अमोल २०४: सातच? मी आठ मोजल्या 😂

शिंदे सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त कामाचे मेसेज टाकावेत. ज्यांचा मेंटेनन्स राहिला आहे त्यांनी १० तारखेच्या आत भरावा.

स्नेहल ५०२: प्रिया, स्लो कुकर बघ, विजेवर मंद शिजवणारं भांडं. रात्री लावून झोपायचं, सकाळी तयार. शिट्टीच नाही. मी पण कधीची बघतेय, चार हजारांच्या आसपास आहे. दोघींत घेऊया का?

माने तात्या १०२: लाइट गेली तर?

प्रिया ४०१: रात्रभर चालू म्हणजे बिल किती येईल पण?

स्नेहल ५०२: २०० वॉटचा धर. आठ तास म्हणजे १.६ युनिट. गीझर जास्त खातो. साध्या प्लगवर चालतो.

भोसले मामा ४०३: मटण शिजवायला आठ तास?? तेवढ्यात मी बोकड निवडून आणतो, सोलतो, जेवण घालतो आणि पान खाऊन झोपतो.

अमोल २०४: मामा नाद खुळा 🔥

स्नेहल ५०२: मामा, आठ तास उभं नाही राहायचं. लावून कामावर जायचं. मी आठला बाहेर पडते ती सातला येते.

भोसले मामा ४०३: ते खरं. पण मला सांगा, तवंग कुठनं येणार? कांदा-खोबरं भाजायचं, वाटण तेलात परतायचं, चटणी टाकायची, तेल सुटलं की मग पाणी. ह्या भांड्यात परतता येतंय का?

स्नेहल ५०२: नाही. कढईत परतून मग त्यात घालायचं.

भोसले मामा ४०३: म्हणजे कढई पण घासा आणि ते पण घासा. लई भारी.

माने तात्या १०२: लाइट गेली तर काय?

जोशी वहिनी ३०४ (डॉ.): प्रिया, घेणार असशील तर एक लक्षात ठेव. राजमा त्यात थेट टाकायचा नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळून उकळल्याशिवाय जात नाही. स्लो कुकर पुरेसा तापेलच असं नाही, आणि असा अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा जास्त बाधू शकतो. चार-पाच दाणे पोटात गेले तरी उलट्या सुरू होतात. निदान पाच तास भिजव, ते पाणी फेकून दे, नवीन पाण्यात गॅसवर उकळ. दहा मिनिटं तरी हवीतच, अमेरिकेतलं अन्न-औषध खातं ३० सांगतं. मग स्लो कुकर. हरभऱ्याला एवढी भीती नाही.

अमोल २०४: राजमा खातंय कोण कोल्हापुरात

जोशी वहिनी ३०४ (डॉ.): तुझ्याच डब्यात बुधवारी होता.

प्रिया ४०१: 🤣🤣

कुलकर्णी काका ५०१: नमस्कार. या यंत्राचा इतिहास मोठा रंजक आहे. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० साली याचे पेटंट मिळाले. त्यांची आजी लिथुआनियातली. ज्यूंना शनिवारी चूल पेटवणे वर्ज्य, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कडधान्य आणि मांसाचे भांडे गावातल्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी आणायचे. निवत्या भट्टीच्या उबेवर रात्रभर शिजे. पुढे १९७० मध्ये एका कंपनीने नॅक्सन यांचा धंदा विकत घेतला व १९७१ ला क्रॉक-पॉट या नावाने

कुलकर्णी काका ५०१: बाजारात आणले. (चुकून आधीच गेले.)

भोसले मामा ४०३: काका म्हणजे आपल्या हाऱ्यात ठेवलेलं दूधच की हे. आमची आजी दिवसभर गोवऱ्यांवर ठेवायची, साय बोटभर यायची.

देसाई काकू ३०१: मूळ विषय शिट्टीचा होता.

कुलकर्णी काकू ५०१: ह्यांनी इतिहास सांगितला, पण माळ्यावर एक पडलाय हे नाही सांगितलं. मुलाने ओहायोहून आणलाय. खोकंसुद्धा फोडलेलं नाही. कुणाला वापरून बघायचा असेल तर घेऊन जा.

स्नेहल ५०२: काय सांगता काकू!! मग विकत कशाला, आधी करून बघू.

अमोल २०४: थांबा थांबा. अमेरिकेतला म्हणजे १२० व्होल्टचा. आपल्याकडे २३०. थेट लावला तर जवळजवळ पावणेचार पट वॉट खेचणार. २५० चा ९०० च्या वर. भांड्याच्या आधी कॉइल शिजेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार, ५०० वॉटचा तरी. माझ्या दुकानात आहे, देतो.

भोसले मामा ४०३: मग ठरलं. पायाचं सूप करू त्यात. नाहीतर मटणाचं अळणी सूप. हाडं रात्रभर मंद राहिली तर जो चिकटपणा उतरतो तो शिट्टीत येत नाही, हे मी पण मानतो. त्या अळणीत खसखस, काजू, तीळ वाटून, नारळाचं दूध घालून पांढरा रस्सा. नारळाचं दूध शेवटी, उकळी फुटू द्यायची नाही.

कुलकर्णी काकू ५०१: आमच्या भांड्यात मटण शिजणार नाही.

भोसले मामा ४०३: काकू, घासून देतो की. लिंबू लावून.

कुलकर्णी काकू ५०१: भोसले, मी एकदा सांगितलं.

अमोल २०४: स्नेहल आणि प्रियाने दोघींत घेतला असता तर हेच झालं असतं. स्नेहलचा श्रावण, प्रियाचा पाया.

स्नेहल ५०२: तू ट्रान्सफॉर्मर आण.

माने तात्या १०२: मी तीनदा विचारलंय. लाइट गेली तर?

जोशी वहिनी ३०४ (डॉ.): दोनदा विचारलंत तात्या, हे तिसरं. घरी असाल तर लगेच गॅसवर काढून शिजवून घ्या. झोपेत गेली आणि किती वेळ गेली कळलं नाही, तर फेकून द्यायचं. कोमट राहिलेल्या मटणात दोन तासांत खेळ खलास. आणि गंमत अशी, बटण फिरवायचे जे असतात ते लाइट आली की गुपचूप परत सुरू होतात. सकाळी भांडं गरम, आपल्याला वाटतं सगळं ठीक. डिजिटलवाले बहुतेक बंदच राहतात, निदान कळतं तरी.

माने तात्या १०२: मग माझा विरोध.

अमोल २०४: तात्या, तुम्हाला घ्यायला कोण सांगतंय 😂

शिंदे सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका नको. ४०१ ने शिट्टीबाबत काय ठरवले?

प्रिया ४०१: मी घेणार नाही. मला डबा पहाटे भरायचाय, त्यात रात्रीत लाइटचा भरवसा नाही, मग राहू दे. हरभरे सकाळी भिजत घालीन आणि रात्री नऊला शिट्ट्या काढून ठेवीन, पहाटे नुसती फोडणी. स्नेहल, तू घे. तू दिवसभर बाहेर असतेस, तुला उपयोग आहे.

देसाई काकू ३०१: नऊला माझी मालिका असते.

प्रिया ४०१: 🙏

देसाई काकू ३०१: साडेनऊ चालेल. आणि राग मानू नकोस गं, मला पण बीपीमुळे पहाटेच जरा डोळा लागतो.

स्नेहल ५०२: मग काकूंच्या कुकरात काय करायचं? मला बघायचंय कसा चालतो ते, नाहीतर चार हजार उगाच.

कुलकर्णी काकू ५०१: खपलीची खीर. ओला हात लावून कांडून टरफल काढलेले गहू रात्री भिजत घालायचे आणि सकाळी गरम पाणी घालून कमीवर ठेवायचे. ते गॅसवर शिजवायचे म्हणजे तिथेच उभं राहून ढवळा, जरा नजर चुकली की बुडाला लागलंच. ह्यात लागत नाही असं मुलगा म्हणतो. वाफ बाहेर जात नाही म्हणून पाणी बेताचं घालायचं. गहू फुलून मऊ झाले की मग गूळ, आधी घातला तर दाणा टणक राहतो. वेलदोडे, जायफळ, खोबऱ्याचे काप. दूध वाढताना वरून, खीर जरा निवल्यावर, नाहीतर गुळाने फाटतं. आणि झाकण उघडून उघडून बघायचं नाही, दरवेळी अर्धा तास मागे जातो म्हणे.

भोसले मामा ४०३: खीर असेल तर आपण मांडी घालून बसणार. कधी? रविवारी?

कुलकर्णी काकू ५०१: हो, रविवारी. तुमचा जोतिबाचा वार, मटणाचं नाव निघणार नाही.

भोसले मामा ४०३: काकूंनी बरोबर गाठला 😄 म्हशीचं दूध माझ्याकडं, गंगावेशीतनं धारेचं आणतो.

अमोल २०४: ट्रान्सफॉर्मर शनिवारी रात्री लावून देतो. कुकर कुणाच्या घरी ठेवायचा?

स्नेहल ५०२: माझ्याकडे. सकाळी सहाला लावते, दोनला टेरेसवर. आपापल्या वाट्या आणा.

शिंदे सेक्रेटरी: टेरेसची किल्ली ज्यांचा मेंटेनन्स भरलेला आहे त्यांनाच मिळेल.

अमोल २०४: साहेब, गूगल पे केलं बघा.

माने तात्या १०२: वाटी केवढी आणायची?